टीनएज मुलांचा देवावरचा विश्वास वाढावा म्हणून घरच्यांनी काय काय करायचं

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना चालू होती, प्रार्थना म्हणायची माझी पाळी होती आणि मी डोळे मिटून अगदी मनापासून म्हणत होते, प्रभू, ह्याचं अभ्यासात लक्ष लागू दे, मोबाईलचं वेड कमी कर, मोठ्यांना उलट बोलायची सवय मोडून टाक. आमेन म्हणून डोळे उघडले तर माझा चौदा वर्षांचा मुलगा माझ्याकडेच बघत होता, त्याने डोळे मिटलेच नव्हते. म्हणाला, "आई, तू आत्ता देवाशी बोलत होतीस का माझ्याशी?"

मला उत्तर देता आलं नाही कारण त्याचं बरोबर होतं. जे त्याला तोंडावर बोलले असते तर भांडण झालं असतं, ते मी देवाचं नाव घेऊन त्याला ऐकवत होते. त्यानंतर दोन-तीन महिने तो प्रार्थनेला बसायचा पण ओठ घट्ट मिटून, आणि त्या दोन-तीन महिन्यांत मी जे शिकले ते आणि पुढे चर्चमधे टीनएजर्सचा वर्ग घेताना जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल म्हणून.

आईवडील मला नेहमी एकच विचारतात, लहानपणी किती गोड वचनं पाठ म्हणायची, नाताळच्या नाटकात भाग घ्यायची, आता काय झालं हिला? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. लहानपणी ती तुमच्या विश्वासावर चालत होती, तो उसना होता, आणि आता तिला स्वतःचा हवाय. उसना परत केला आणि स्वतःचा अजून हाती आला नाही अशी मधली एक वेळ असते आणि नेमकी तीच बघून आपण घाबरतो, मग आपण ढकलायला लागतो आणि ढकललं की मूल पाय रोवून उभं राहतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की मुलाला देवाकडे ढकलू नका, तुम्ही स्वतः देवासमोर बसा आणि शेजारी त्याच्यासाठी जागा ठेवा. पुढे जे काही लिहिलंय ते ह्याच एका गोष्टीचे वेगवेगळे भाग आहेत.

चर्चवर सोडून देऊ नका

बऱ्याच घरांत असं असतं की संडे स्कूल म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग आहे, युथ ग्रुप आहे, पास्टर आहेत, ते बघून घेतील. हिशोब करून बघा, आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाचे ५२ तास, आणि वर्षात एकूण तास असतात ८७६०. चर्च कितीही चांगलं असलं तरी ५२ तासांत काय काय होणार? आणि संडे स्कूल ही तशी अलीकडची गोष्ट आहे, रॉबर्ट रेक्स यांनी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमधे १७८० साली गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली तिथून ती चळवळ पसरली. त्याच्या कितीतरी आधी, १५२९ मधे, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने विश्वासाची मूळ शिकवण देणारी लहान प्रश्नोत्तरी लिहिली तेव्हा त्यात स्पष्ट म्हटलं होतं की घरातल्या कर्त्या माणसाने हे आपल्या घरच्यांना साध्या रीतीने शिकवावं. म्हणजे जबाबदारी आधी घराची होती, चर्च मदतीला.

अमेरिकेत २००२-०३ मधे १३ ते १७ वयाच्या तीन हजाराहून जास्त मुलामुलींचा धर्म आणि श्रद्धेबद्दल मोठा सर्व्हे झाला होता, नॅशनल स्टडी ऑफ युथ अँड रिलिजन नावाचा. त्यात दिसलं की मुलांच्या श्रद्धेवर आजूबाजूच्या माणसांपैकी सगळ्यात जास्त परिणाम आईवडिलांचाच होतो, मित्रांचा नाही, युथ लीडरचाही नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली. मुलाखत घेणाऱ्यांना जाणवलं की कितीतरी मुलांना तू काय मानतोस आणि का मानतोस हे एखाद्या मोठ्या माणसाने आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच विचारलं होतं. हे वाचून मी त्याच रात्री मुलाला विचारलं, आणि तो चक्क पाऊण तास बोलला.

प्रश्न आले की घाबरायचं नाही

बायबलमधल्या अनुवाद ह्या पुस्तकाचा सहावा अध्याय आपण सगळे जाणतो, ही वचनं मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसला असता, वाटेने चालत असता, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोल. पण त्याच अध्यायात पुढे विसाव्या वचनात काय आहे ते आपण वाचतच नाही. तिथे म्हटलंय की पुढे तुझा मुलगा तुला विचारील, ह्या सगळ्या आज्ञांचा अर्थ काय? म्हणजे मूल विचारणार हे देवाने धरूनच चाललंय, प्रश्न विचारणं हा बंडखोरपणा नाही. आणि उत्तर काय द्यायला सांगितलंय बघा, नियमांची यादी नाही, तर आम्ही मिसरात (इजिप्तमधे) फारो राजाचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढलं, ही गोष्ट. घरातली गोष्ट, स्वतःची गोष्ट.

तर मग तुमची गोष्ट तुमच्या मुलाला माहितीये का? चर्चमधे माईकवर सांगतो ती साक्ष नाही, तर ती नोकरी गेली होती तेव्हा रात्री झोप लागत नव्हती आणि बाबा काय म्हणून प्रार्थना करायचे, आईला एकदा दोन वर्षं देवाचा राग होता आणि तो कसा गेला, असलं. मुलांना आपला गुळगुळीत केलेला विश्वास नको असतो, त्यांना खरा बघायचा असतो, ठिगळं लावलेला असला तरी.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा गेले. सगळं घर उपास-प्रार्थना करत होतं तरी गेले. तिने एका मोठ्या माणसाला विचारलं की मग प्रार्थनेचा उपयोग काय, आणि उत्तर मिळालं की कोणाचा तरी विश्वास कमी पडला असेल. त्या सोळा वर्षांच्या पोरीने ते स्वतःवर घेतलं. पाच-सहा आठवडे ती आली नाही आणि आली तेव्हा तिने मला हळूच विचारलं, माझ्यामुळे का? असं उत्तर कोणालाही कधीही देऊ नका, हात जोडून सांगते.

मग काय बोलायचं? आधी काहीच नाही, ऐकायचं. मग म्हणायचं, चांगलं झालं विचारलंस, कधीपासून वाटतंय तुला हे? आणि परत गप्प बसायचं, कारण पहिला प्रश्न बऱ्याचदा खरा प्रश्न नसतो, खरा त्याच्या मागे असतो. उत्तर येत नसेल तर सरळ म्हणायचं, मला माहीत नाही, शनिवारी दोघं बसून शोधूया. आणि शनिवारी खरंच बसायचं, ते विसरलात तर पुढचा प्रश्न तुमच्याकडे येणार नाही, इंटरनेटकडे जाईल.

शंका असलेल्या माणसांना पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमधे, केवढी जागा आहे ते मुलांना दाखवा. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं दुःखाची, तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच दावीद चार वेळा "कोठवर" म्हणून विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सगळं छान झालं असं काही नाही, तरी ते शास्त्रात आहे. येशू मेलेल्यांतून उठलाय ह्यावर थोमा ह्या शिष्याचा विश्वास बसेना, तरी प्रभूने त्याला हाकलून दिलं नाही, हात दाखवले. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, आजारी मुलाला घेऊन आलेला तो बाप, मी विश्वास ठेवतो पण माझा अविश्वास घालवून टाका असं एका दमात म्हणणारा, त्याची प्रार्थना प्रभूने ऐकलीच की. त्या मुलीबरोबर मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, ती म्हणाली, असं पण बोलता येतं देवाशी? मग रडली, आणि मला वाटतं ती तिची पहिली स्वतःची प्रार्थना होती.

अजून एक, मुलाने विश्वासाने सांगितलेलं प्रार्थनेचा विषय म्हणून ग्रुपवर टाकू नका. "माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिला शंका येताहेत" असा मेसेज तिच्या मैत्रिणीच्या आईने वाचला की संपलं, ते दार बरीच वर्षं उघडत नाही. कोणाचा सल्ला हवाच असेल तर मुलाला विचारून, एकाच शहाण्या माणसाशी बोला.

कौटुंबिक प्रार्थनेची घडी बदला

मुलाच्या त्या प्रश्नानंतर मी आधी त्याची माफी मागितली. साध्या शब्दांत, तू म्हणालास ते खरं होतं, मी देवाशी नव्हते बोलत, सॉरी. त्यात पण-बिण काही जोडलं नाही. आईवडिलांनी माफी मागितली की मुलांना देव क्षमा करतो ही सुवार्ता डोळ्यांनी दिसते असं माझं ठाम मत आहे, पापक्षमेवर चर्चमधे कितीही संदेश, म्हणजे प्रवचनं, ऐकली तरी ते तेवढं आत जात नाही.

मग सगळ्यांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. वेळ पंधरा मिनिटं, त्याच्यावर नाही, कोणी पाहुणे असले तरी नाही. रोज कोणीतरी एक जण चालवणार आणि जो चालवेल तो उतारा निवडणार, त्यात मुलं पण आली, आणि त्याने काय निवडलं ह्यावर कोणी नाक मुरडायचं नाही. एकदा आमच्या पोराने शास्ते पुस्तकातला एहूदाचा प्रसंग निवडला, तो राजाला तलवारीने मारतो तो, त्याला वाटलं आम्ही ओरडू, आम्ही वाचला आणि वीस मिनिटं त्याच्यावर बोललो, वेळेचा नियम आम्हीच मोडला त्या दिवशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हजर असलेल्या माणसाला सुधारण्यासाठी प्रार्थना करायची नाही. त्याच्यासाठी धन्यवाद द्यायचा, तो म्हणेल त्या विषयासाठी मागायचं, बस. शिकवायचं असेल ते आमेननंतर, डोळे उघडे ठेवून, नीट बोलून.

मोठ्याने प्रार्थना करायची जबरदस्ती पण नको. काही मुलांना एक वाक्य पुरतं, काहींना लिहून आणलेलं वाचायला बरं वाटतं, काही नुसतं एखादं गीत लावतील, हे सगळं चालतं. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस करा पण ते तीन दिवस पक्के.

स्वतःचं वाचन कसं सुरू करून द्यायचं

मुलाच्या हातात अख्खं बायबल देऊन वाच म्हटलं की तो पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू करतो आणि नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकात अडकतो. मी मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करायला सांगते, १६ अध्याय आहेत, रोज एक धरला तर सोळा दिवसांत पुस्तक पूर्ण होतं आणि पुस्तक पूर्ण केल्याचा आनंद ह्या वयात फार मोठा असतो. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, चार अध्याय, मग याकोब, पाच अध्याय. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, म्हणजे ज्या तारखेला जो अध्याय, ही युक्ती तर खूप मुलांना आवडते.

वाचून झालं की वहीत तीन ओळी लिहायच्या: देव कसा आहे असं इथे दिसलं, मला काय खटकलं किंवा कळलं नाही, आणि आज ह्यातलं मी काय करीन. मधली ओळ सोडायची नाही, मुलं बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतात. आणि ती वही तुम्ही उघडायची नाही. टेबलावर उघडी पडली असेल तरी नाही.

भाषेचा पण विचार करा. आपल्या जुन्या भाषांतराची गोडी मला फार आहे पण "चिरडीस आणू नका", म्हणजे चिडवू नका, हे किती मुलांना कळतं? सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवा, इंग्रजी शाळेतलं मूल असेल तर ते इंग्रजीत वाचू दे, देवाला दोन्ही कळतात. फोनवर वाचलं तरी चालेल, फक्त नोटिफिकेशन बंद करून, पण शक्य असेल तर एक कागदाचं बायबल त्याचं स्वतःचं असू दे ज्यात तो पेन्सिलने खुणा करील. आणि हो, इफिसकरांस सहाव्या अध्यायातलं ते वचन, चिरडीस आणू नका, हे मुलांना नाही, बापांना सांगितलंय. आईवडिलांचा मान राख हे आपण मुलांना पाठ करून घेतो, त्याच्या दोनच वचनं पुढे आपल्यासाठी लिहिलेलं वाचत नाही.

एकेकट्याला वेळ

सुझॅना वेस्ली ह्या बाईंना एकोणीस मुलं झाली, त्यातली दहाच जगली. तरीसुद्धा प्रत्येक मुलासाठी तिने आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून दिली होती, त्या संध्याकाळी त्या मुलाशी एकट्याने बसून त्याच्या आत्मिक आयुष्याबद्दल बोलायचं. १७१२ च्या एका पत्रात तिने वारासकट लिहिलंय, जॅकीचा गुरुवार होता. हा जॅकी म्हणजे पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली. मोठा झाल्यावरसुद्धा त्याला त्या गुरुवारची आठवण यायची.

आपल्याला दोन-तीन मुलं आणि तरी वेळ नाही म्हणतो. आठवड्यातून अर्धा तास काढा, एका मुलासाठी, ठरलेल्या वारी. समोरासमोर बसलं की टीनएजर अवघडतो, म्हणून शेजारी चालत किंवा गाडीत किंवा काहीतरी काम करत करत बोला, डोळ्यात डोळे नसले की शब्द लवकर येतात. पहिले तीन-चार आठवडे तो नुसतं क्रिकेट, गेम असलंच बोलेल. बोलू दे. त्यात मधेच वचन घुसवू नका, तो तुम्हाला चाचपून बघतोय की हे खरंच माझ्यासाठी आलेत का काही अजेंडा घेऊन आलेत. पाचव्या-सहाव्या आठवड्याला कधीतरी खरं काहीतरी बाहेर येतं, आणि तेव्हा फोन खिशात पाहिजे.

त्याला खरं काम द्या

बायबलमधला योशीया आठव्या वर्षी यहूदाचा राजा झाला आणि राज्याच्या आठव्या वर्षी, म्हणजे सोळाव्या वर्षी, देवाला शोधायला लागला असं दुसऱ्या इतिहासात ३४ व्या अध्यायात आहे. देवाने संदेष्टा म्हणून बोलावलं तेव्हा यिर्मया म्हणाला मी लहान आहे, देव म्हणाला असं म्हणू नकोस. आणि आपण सोळा वर्षांच्या मुलाला चर्चमधे काय काम देतो, तर खुर्च्या लावणं. खुर्च्या लावण्यात वाईट काही नाही, पण त्याला जमतं त्यातलं खरं काम द्या ज्याच्यावर कोणीतरी अवलंबून आहे. साऊंड सांभाळणं, प्रोजेक्टरवर गीतं दाखवणं, छोट्यांच्या वर्गात मदत, अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींना महिन्यातून दोनदा शास्त्र वाचून दाखवणं. एका मुलाला हे शेवटचं काम दिलं होतं, नाखुषीने गेला, आजींना दिसत नव्हतं, तो वाचायचा आणि मधेच अडखळला की पुढचे शब्द त्या तोंडपाठ सांगायच्या. त्या मुलाने मला येऊन सांगितलं की इतकं पाठ कसं काय असतं कोणाला, आणि पुढच्या महिन्यापासून तो स्वतःहून दर आठवड्याला जायला लागला. मी दहा संदेश दिले असते तरी हे झालं नसतं.

घरातून पण एखादी सेवा सगळ्यांनी मिळून करा, मुलं बाबांना संदेश ऐकताना बघतात पण एखाद्या गरजू माणसासाठी घाम गाळताना बघणं वेगळं.

दुसरी मोठी माणसं, पण डोळे उघडे ठेवून

काही गोष्टी मुलं आईवडिलांना सांगतच नाहीत, आणि ते ठीक आहे. बायबलमधल्या एली याजकाचं उदाहरण मला फार आवडतं, त्याच्याजवळ राहणारा लहान शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा धावत त्याच्याकडे गेला, तिसऱ्यांदा एलीला कळलं की हाक देवाची आहे, मग त्याने काय केलं, देव काय म्हणेल ते स्वतः सांगितलं नाही, फक्त उत्तर कसं द्यायचं ते शिकवलं आणि परत झोपायला पाठवलं. असे एक-दोन मोठे लोक मुलाच्या आयुष्यात असावेत, मावशी, काका, आजी, मंडळीतलं एखादं जोडपं. आजीचं तर विशेषच. प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, पण पौल लिहितो की विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके ह्यांच्यात होता. म्हणून ज्या घरात एकच पालक विश्वासात आहे किंवा एकटी आई सगळं बघतेय त्यांनी मन खचू देऊ नका.

पण हे पण तितकंच स्पष्ट लिहिते: चर्चमधला माणूस आहे म्हणून डोळे झाकून भरवसा नाही. मुलाशी भेटणं, बोलणं उघड्या जागी, चार लोकांच्या नजरेत, तुम्हाला माहीत असलेलं. रात्री-अपरात्री खाजगी चॅट नाही, "घरी सांगू नको" असं कोणी म्हटलं तर लगेच घरी सांगायचं हे मुलाला आधीच सांगून ठेवा. आणि मुलाने असं काही सांगितलं तर पहिल्यांदा त्याच्यावर विश्वास ठेवा, मंडळीचं नाव वगैरे नंतर, आणि गरज पडली तर पोलिसांकडे जायला कचरू नका.

मन आजारी असेल तेव्हा

मूल गप्प गप्प झालं, झोप उडाली किंवा दिवसभर झोपूनच राहतं, आवडत्या गोष्टी सुटल्या, आणि हे आठवड्यामागून आठवडे चाललंय, तर ही आत्मिक थंडी आहे असं धरून नुसती प्रार्थना वाढवू नका. डॉक्टरकडे, काउन्सेलरकडे न्या. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मला मरू दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला भाषण दिलं नाही, दूताने भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, प्रश्न विचारला तो कितीतरी नंतर. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आहे, आईवडिलांनी एकदा शांतपणे वाचावा. आणि जगायचं नाही असं मुलाने गंमतीत जरी म्हटलं तरी सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. प्रार्थना चालू राहील, औषध पण चालू राहील, दोन्हींचं भांडण नाहीये.

फोनबद्दल थोडक्यात, कारण ह्यावर सगळेच बोलतात. रात्री सगळ्यांचे फोन एका जागी चार्जिंगला, आईवडिलांचे पण. तुमचा उशाशी आणि त्याचा हॉलमधे हे चालणार नाही.

परीक्षेचं मात्र जरा ठासून सांगते. परीक्षा आली की आपण म्हणतो ह्या रविवारी चर्चला नको येऊस, अभ्यास कर. क्लास कधी चुकवू देत नाही, उपासना चालते. मूल ह्यातून जे शिकतं ते कुठल्याही संदेशाने पुसलं जात नाही. दीड तास उपासना करून येऊन अभ्यासाला बसला तर मार्क कमी होत नाहीत. आणि निकाल कसाही लागला तरी त्या दिवशी घरात त्याच्याशी कसं बोललं जातं, त्यावरून त्याला कळतं की कृपा हा शब्द आपल्या घरात चालतो का फक्त गीतात.

नाहीच म्हणाला तर

बाप्तिस्मा, दृढीकरण (चर्चसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी) ह्या गोष्टींची घाई करू नका. बॅचमधले सगळे घेताहेत म्हणून, पाहुण्यांना तारीख सांगून झाली म्हणून मूल उभं राहिलं तर ते आतून दूरच जातं. तू तयार आहेस का असं विचारायचं आणि नाही हे उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. रविवारची उपासना हा घराचा नेम आहे, तेरा-चौदाच्या मुलाने सोबत यावं असं मी म्हणेन, पण तिथे येऊन गावं, साक्ष द्यावी, पुढे यावं ह्याची सक्ती नाही. सतरा-अठराचा झाला आणि येत नाही म्हणाला तर कारण विचारा, वाद घालू नका, आणि घरातली त्याची जागा तशीच उबदार ठेवा. पास्टरांची मुलं बघ, तुझी ताई बघ, हे तर कधीच नको.

पुढे चर्चचा मोठा शिक्षक झालेला ऑगस्टीन तरुणपणी विश्वास सोडून मानी नावाच्या एका वेगळ्या धर्मपंथात गेला आणि नऊ वर्षं तिथे होता. त्याची आई मोनिका एका बिशपकडे गेली, म्हणाली त्याच्याशी वाद घालून त्याला समजवा. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले, ते नाही म्हणाले, तो आत्ता ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्यालाच कळेल. ती रडत राहिली तेव्हा ते म्हणाले की एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. ३५४ साली जन्मलेल्या ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ च्या ईस्टरला झाला, आणि त्याच वर्षी मोनिका वारली.

आमच्याकडे अजूनही पाळी लावून वाचतो. माझा मुलगा त्या मधल्या दिवसांत वाचत नव्हता तरी त्याचा वार आम्ही दुसऱ्या कोणाला दिला नाही. दर बुधवारी विचारायचं, आज वाचतोस? तो मान हलवून नाही म्हणायचा, मग त्याचे बाबा वाचायचे, कोणी काही बोलायचं नाही. अकराव्या का बाराव्या बुधवारी त्याने हात पुढे केला आणि बायबल मागून घेतलं.